जीर्णोद्धाराआधी राई, तळं आणि निर्माल्य: कामाच्या गोष्टींचा धागा

कातळसडा (धागाकर्ता)

'देवराया (देवाच्या नावाने राखलेली रानं) श्रद्धेमुळे वाचल्या' हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की त्यातली खोच दिसेनाशी झाली. देवळावर स्लॅब पडतो तोही श्रद्धेनेच, आणि त्या स्लॅबच्या खर्चासाठी राईतला बेहडा विकला जातो तोही देवाच्याच नावाने. राया टिकल्या त्या नियमामुळे, आणि तो नियम मोडायचा हक्क कुणा एकाकडे नव्हता म्हणून.

नियम काय होते? कोयता-कुऱ्हाड आत न्यायची नाही. वाळकी काटकीसुद्धा चुलीसाठी उचलायची नाही. पडलेलं झाड पडल्या जागी कुजू द्यायचं. शिकार नाही, वहाणा बाहेर. लाकूड लागलंच तर ते देवाच्या कामाला, तेही कौल घेऊन. कौलात काय होतं ते जरा बारकाईने पाहा. पाषाणावर ओल्या कळ्या, पानं किंवा तांदूळ चिकटवायचे, गुरवाने सगळ्या मानकऱ्यांसमोर गाऱ्हाणं घालायचं, उजवी कळी पडते की डावी याची वाट बघत बसायचं. कळी पडत नसली तर उठायचं आणि पुन्हा कधीतरी यायचं. यात दैवी काय ते ज्याचं त्याने ठरवावं, पण निर्णय चारचौघांत होतो, सावकाश होतो आणि 'आज नाही' म्हणायची सोय राहते. झाड वाचायला बहुतेक वेळा एवढा उशीर पुरतो.

मावळात देवराई, रत्नागिरीकडे देवरहाटी, तळकोकणात नुसती राई. काळकाई, वाघजाई, सोमजाई, रवळनाथ, भैरी, वेताळ अशा देवांच्या या जागा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात त्यांची शास्त्रीय नोंद केली. तेव्हापासून लिहिलं बरंच गेलंय, पण उद्या देवस्थान समितीची बैठक असलेल्या माणसाने नेमकं काय करायचं ते कुठे सलग मिळत नाही. या धाग्यात तेवढंच यावं अशी विनंती. कागद, झाडं, झरा, तळं, निर्माल्य, पार. ज्याला जे नीट माहीत आहे ते त्याने लिहावं. अनुभवकथन नको, कृती हवी.

सातबारा

कागदापासून सुरुवात करा, कारण 'राई देवाची' असं गाव म्हणतं आणि कागद भलतंच म्हणतो. ताजा सातबारा काढा, शिवाय जुने फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) काढा. जमीन साधारण चारपैकी एका प्रकारात निघते: देवस्थान इनाम (वर्ग ३), सरकारी किंवा गायरान, वन विभागाची, नाहीतर खासगी खातेदारांची. 'इतर हक्क' या रकान्यात देवरहाटी, देवाकडे, इनाम असा काही शब्द आहे का ते बघा. एखादा फेरफार करताना तो शब्द गळला असेल तर भांडण तिथूनच सुरू होतं.

इनाम जमीन परस्पर विकता येत नाही. देवस्थान नोंदणीकृत विश्वस्त संस्था असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ प्रमाणे स्थावर विकायला, किंवा शेतजमीन १० वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जागा वा इमारत ३ वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. मागाहून मंजुरी मिळते ती अगदी अपवादाने. झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा वेगळा, आणि जमीन वन म्हणून नोंदलेली असेल तर १९८० चा वनसंवर्धन कायदा त्याच्याही वर.

राखायचे मार्ग: जैवविविधता अधिनियम २००२ प्रमाणे (कलम ४१) पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी. लोक जैवविविधता नोंदवहीत राईचं स्वतंत्र पान करून घ्या, त्यात झाडांची यादी, झरे आणि पाळले जाणारे नियम लिहा. त्याच कायद्याच्या कलम ३७ खाली वारसा स्थळ जाहीर होऊ शकतं. दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डेची जायफळकुळातल्या झाडांची दलदल २०२१ मध्ये अशीच जाहीर झाली, आणि तीही देवाची राई म्हणूनच टिकलेली. खासगी किंवा सामूहिक जमिनीला वन्यजीव कायद्यात सामूहिक राखीव क्षेत्राची तरतूद आहे. वन विभागाची जमीन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्काचा दावा ग्रामसभेतून करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थानातल्या ओरणांबद्दल (तिथल्या देवराया) नकाशे करून त्या अधिसूचित करायचा आदेश दिला. तो राजस्थानापुरता आहे, पण ग्रामसभेच्या ठरावात त्याचा उल्लेख जरूर करा.

आणि ठरावात 'राईचे संरक्षण करण्यात यावे' असं मोघम लिहू नका. गट क्रमांक, चतुःसीमा, कोपऱ्यावरच्या झाडांची नावं आणि घेर, काय करायचं नाही, कोणी परवानगी द्यायची, सगळं लिहा. मोबाइलवर हद्द चालून घ्या, दर वीस पावलांवर एक बिंदू. मात्र हद्दीला चिऱ्याची भिंत घालू नका. चिरा वाहून आणायला रस्ता पडतो, आणि एकदा पडलेला रस्ता बुजत नाही.

उंबरठा

वरचं सगळं मान्य, पण 'नियम नियम' म्हणताना एक बाजू झाकली जातेय. त्याच नियमांत काही राया बायकांना बंद, काही जातींना पायरीखाली उभं राहायला लावणाऱ्या. कौलाला बसणारे मानकरी ठरलेल्या घरांतलेच. चारचौघांत निर्णय म्हणताय, ते चारचौघे कोण?

कातळसडा

मुद्दा रास्त आहे. म्हणूनच कौल ठेवायचा तर ठेवा, पण त्याआधी ग्रामसभेचा ठराव असू द्या, आणि व्यवस्थापन समितीत सात माणसं असतील तर त्यात राईशेजारच्या वाडीची माणसं आणि पाणी भरणाऱ्या बायका हव्यातच. झरा आटला की पहिली पायपीट त्यांचीच. नुसता मान उरला आणि पाण्याशी संबंध राहिला नाही, की मानकरीच मुंबईहून फोनवर 'तोडा' म्हणून मोकळे होतात.

गारंबी

झाडांबद्दल. राईला सगळ्यात मोठा धोका कुऱ्हाडीचा नाही, झाडूचा आहे. जत्रेआधी 'स्वच्छता मोहीम' निघते, पालापाचोळा गोळा करून पेटवतात, झुडपं छाटतात, वेली 'झाडाला त्रास देतात' म्हणून तोडतात. राई बागेसारखी दिसायला लागते आणि वीस वर्षांनी लक्षात येतं की मोठी झाडं आहेत, पण त्यांच्याखाली एक रोप नाही.

तपासायची सोपी रीत: राईत वेगवेगळ्या पाच-सहा ठिकाणी १० मीटर × १० मीटरचे चौकोन दोरीने आखा. छातीच्या उंचीवर (१.३ मीटर) ३० सेंटिमीटरहून जास्त घेराची झाडं मोजा, मग त्याच चौकोनातली गुडघ्यापर्यंतची आणि कमरेपर्यंतची रोपं जातवार मोजा. बेहडा, सातवीण, किंजळ, नाणा, पारजांभूळ यांची म्हातारी झाडं आहेत आणि पोरं नाहीत असं निघालं, तर कारण तीनपैकी एक असतं: गुरं, आग, नाहीतर झाडलोट. देवळाच्या अंगणात आणि पायवाटेवर झाडा, त्यापलीकडे झाडू नेऊ नका.

रानमोडी आणि घाणेरी ही उपरी झुडपं कडेने घुसतात, राईचं छत फाटलं की आतही येतात. रानमोडी जुलैत माती भुसभुशीत असताना मुळासकट उपटा आणि सप्टेंबरात पुन्हा एक फेरी, फुलावर यायच्या आत. घाणेरी वरून छाटलीत तर दुप्पट जोमाने फुटते. मातीखाली तीन-पाच सेंटिमीटरवर सोटमूळ तोडायचं आणि झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे पुन्हा रुजत नाही. दोन्हीपैकी काहीही जाळू नका. आग पालापाचोळ्याबरोबर रुजू घातलेलं बीही खाते.

वृक्षारोपण आतमध्ये करायचंच नाही. केलंत तर फक्त फाटलेल्या कडेला, आणि बी त्याच राईतलं. जांभूळ, फणस यांचं बी साठवता येत नाही, पडल्या पडल्या पेरावं लागतं. सुबाभूळ, गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही फुकट मिळणारी रोपं नम्रपणे नाकारा. समारंभाला पाहुणा येणार म्हणून खड्डे काढले जातात तेव्हा नेमका हाच प्रकार होतो.

शेवटचं: पोकळ, वाळायला लागलेलं मोठं झाड 'धोकादायक' म्हणून पहिलं तोडलं जातं. धनेशाची जोडी घरट्याला तीच ढोली शोधते. मादी ढोलीत बसून तोंड लिंपून घेते आणि फटीतून नर तिला चारतो. उन्हाळ्याच्या तोंडाला सुरू झालेलं हे काम पाऊस येईपर्यंत चालतं. ढोली व्हायला झाड म्हातारं व्हावं लागतं, ती लावून होत नाही. फांदी खरंच वाटेवर पडायच्या बेतात असेल तर तेवढी फांदी उतरवा, खोड ठेवा. आणि खाली आलेलं लाकूड तिथेच राहू दे.

सातबारा

+१. त्या शेवटच्या वाक्यात पुढची एक गोष्ट जोडतो. पडलेल्या झाडाचा लिलाव हे राई मोडण्याचं पहिलं पाऊल असतं. 'पडलंच आहे, कुजण्यापेक्षा देवळाला चार पैसे मिळतील' म्हणून एकदा बोली लागली की पुढच्या वर्षी झाडं पडायला लागतात. वाऱ्याशिवाय.

उंबरठा

:) हे मात्र खरं.

पाणवठा

राई आणि पाणी. राईखालचा झरा बारमाही का, याचं उत्तर 'झाडं पाणी ओढतात' हे नाही. उलट झाडं पाणी पितात. पण पाचोळ्याच्या जाड थरामुळे कोकणातला धोधो पाऊस उताराने पळून न जाता मुरतो. मुळांनी आणि किड्यांनी केलेल्या भोकांतून तो खाली जातो आणि जांभ्याच्या किंवा कातळाच्या फटीतून महिनोन्महिने बाहेर येत राहतो. पाचोळा गेला, गुरांच्या पायाने माती दाबली गेली, की तेच पाणी दोन तासांत ओढ्याला. म्हणून गारंबी यांनी लिहिलेली झाडलोटीची गोष्ट झऱ्यालाही तंतोतंत लागू.

झरा राखायचा असेल तर आधी मोजा. १० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. धार एका पन्हळीत किंवा पाइपच्या तुकड्यात आणायची, बादली भरायला लागणारे सेकंद मोजायचे, तीनदा मोजून सरासरी घ्यायची. ४० सेकंदांत बादली भरली तर मिनिटाला १५ लिटर, म्हणजे दिवसाला २१,६०० लिटर. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, शक्यतो सकाळी एकाच वेळी. पाणी भरायची गर्दी असताना मोजू नका. नोंदी देवळातल्या वहीत ठेवा, कारण ती वही हरवत नाही. मे महिन्यातला आकडा हा खरा आकडा. सलग तीन वर्षं मेचा आकडा घसरत असेल आणि पाऊस तेवढाच असेल, तर वरच्या बाजूला काय झालंय ते शोधा: बोअर, रस्त्यासाठी कापलेला उतार, काजूसाठी साफ केलेली जमीन.

झऱ्याच्या तोंडाशी काँक्रीटची टाकी बांधताना होणारी चूक: पाणी जास्त यावं म्हणून तोंड उकरतात, सुरुंग लावतात. फट बदलली की पाणी दुसरीकडून बाहेर पडतं. तोंडाला हात लावायचा नाही. टाकी दोन-तीन मीटर खाली बांधा, ओसंडणारं पाणी ओढ्यात सोडा, आणि टाकीचा सांडवा झऱ्याच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीवर ठेवा. टाकीत पाणी तुंबून तोंडापर्यंत चढलं तर उलट दाबाने झरा वाट बदलतो.

चुना_सुरखी

तळं, कुंड, बारव (पायऱ्यांची विहीर). इथे सर्वात जास्त नुकसान उत्साहाने होतं. पहिली गोष्ट, वास्तू संरक्षित आहे का ते पाहा. असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय एक दगडही हलवायचा नाही. नसेल तरी पुढचं वाचा.

पाणी उपसताना तीन पंप लावून एका रात्रीत बारव कोरडी करतात. आतल्या पाण्याचा दाब भिंतीला आतून आधार देत असतो. तो एकदम गेला आणि भिंतीमागची माती ओलीच राहिली की मागचा दाब दगड आत ढकलतो आणि भिंत पोट काढते. दिवसाला फूट-दीड फुटाहून जास्त उतरवू नका, आणि मधल्या काळात भिंतीवर खडूने खुणा करून फट वाढते का ते बघा. काम मार्च ते मे. त्यातही मासे आणि कासवं आधी दुसऱ्या पाण्यात हलवायची.

गाळ हाताने, घमेल्याने काढा. जेसीबीच्या बकेटला तळाचा चिकणमातीचा थर दिसत नाही आणि तो फुटला तर तळं पाणी धरत नाही. काळा, मऊ, घाण वास येणारा गाळ संपून खाली घट्ट, फिकट चिकण लागली की थांबायचं. गाळात मूर्ती, नाणी निघाली तर ती वाटून घ्यायची नाहीत. १८७८ चा निखात निधी कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

सांध्यांत सिमेंट भरू नका. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाणी अडवणारं. आतला ओलावा मग दगडाच्या तोंडातून निघतो, क्षार साचतात आणि दगडाची कड पापुद्र्यांनी उडते. मुरवलेला चुना १ भाग, सुरखी (भाजक्या विटांची पूड) १ भाग, चाळलेली वाळू १ ते २ भाग. चुना किमान पंधरा दिवस पाण्यात मुरू द्या, जास्त दिवस तर जास्त चांगला. भरल्यावर ओलं गोणपाट लावून दोन-तीन आठवडे ओलसर ठेवायचं. उन्हात तासाभरात वाळला तर भुकटी होऊन निघतो. मूळ बांधकाम कोरडं, बिनचुन्याचं असेल तर त्यात चुनाही भरू नका. त्या फटींमधूनच पाणी आत येतं, त्या बुजवल्या की तळ्याचा जीवच जातो.

भिंतीतला पिंपळ: पेन्सिलीएवढा असेपर्यंत पावसाळ्यात मुळासकट ओढून येतो. मनगटाएवढा झाला असेल तर ओढू नका, भिंत बरोबर येते. बुंध्याशी कापा आणि फुटवे दर पंधरा दिवसांनी खुडत राहा, वर्षभरात दमतो. फारच मूळ शिरलं असेल तर दगडांवर क्रमांक घालून तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावा लागतो. ते गवंड्याचं काम, स्वयंसेवकांचं नाही.

रानवाट

पाणी हिरवं होतं त्यासाठी ब्लीचिंग पावडर टाकावी का? पुष्कळ ठिकाणी जत्रेआधी टाकतात.

चुना_सुरखी

पिण्याच्या, मासे नसलेल्या टाकीत ठरलेल्या मात्रेने, ठीक. मासे असलेल्या देवाच्या तळ्यात अजिबात नाही. क्लोरिन माशांच्या कल्ल्यांवर घाव घालतो. शेवाळं मेलं तरी ते तळाशी कुजतं आणि उरलासुरला ऑक्सिजनही खातं, मग दोन दिवसांनी मासे वर. हिरवेपणाचं कारण बाहेरून येणारं खत: निर्माल्य, दूध, साबण, गुरांचं शेण. ते बंद केलं तर पाणी एक-दोन पावसाळ्यांत सुधारतं.

आणि तळ्याचा नियम किती काम करतो त्याची दोन उदाहरणं: महाडजवळचा वाळण कोंड आणि पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळचं तिळसे. पहिला काळ नावाच्या नदीतला डोह, दुसरा वैतरणेत तिळसेश्वराच्या देवळापाशी. दोन्ही ठिकाणी देवाचे मासे म्हणून महाशीर कुणी धरत नाही आणि ते माणसाच्या पायापर्यंत येतात. नदीत इतरत्र हा मासा दुर्मीळ झालाय. मात्र डोहापुरता नियम माशाला वर्षभर पुरत नाही. अंडी घालायला तो पुरात वर चढतो, तिथे बंधारा किंवा सुरुंग असेल तर देवाचा डोह म्हातारे मासे ठेवण्याची जागा होतो. आणि पाव-बिस्किटं टाकणं बंद करा. न खाल्लेला पाव पाण्यातच सडतो.

बेलपान

दुधावरून. दुधाची जैविक ऑक्सिजन मागणी (कुजताना खर्च होणारा ऑक्सिजन) लिटरला ढोबळमानाने १ लाख मिलिग्रॅम असते. उन्हाळ्यात चांगल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला सात-आठ मिलिग्रॅम. भागाकार करा: १ लिटर दूध कुजताना तेरा हजार लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतं. हवेतून नवा मिसळत राहतो म्हणून प्रत्यक्षात इतकं होत नाही, पण श्रावणी सोमवारी पन्नास लिटरचा अभिषेक आणि पन्हळ थेट कुंडात असेल तर मंगळवारी मासे वर येतात ते उगाच नाही.

जुन्या देवळात गोमुखातून निघणारं पाणी पाटाने केळी-कर्दळीच्या वाफ्यात किंवा बेलाच्या आळ्यात जायचं. जीर्णोद्धारात तो पाट बुजतो, पीव्हीसी पाइप पडतो आणि सगळ्यात जवळचा उतार म्हणजे तळं. उपाय तोच जुना: पाइपचं तोंड फिरवा. १ मीटर × १ मीटर × १ मीटरचा खड्डा, खाली मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू, कडेने केळी आणि अळू. वरचा फूटभर थर दर दोन महिन्यांनी उकरून धुवावा लागतो. दुधातूपाने तो चिकटून बुजतो आणि वास येतो. त्याहून सोपं म्हणजे पळीभर दूध आणि बाकी पाणी. पळीभर दुधावर महादेव रागावत असता तर पळी हे भांडंच देव्हाऱ्यात आलं नसतं.

आता निर्माल्य. आधी निवडणं, कारण खत बिघडतं ते इथे. बाजूला काढायचं: नायलॉनचा दोरा, जरी, चमकी, प्लास्टिकचे मणी, चांदीसारखा कागद, नारळाच्या शेंड्या (वेगळ्या कुटून आच्छादनाला), नैवेद्याचं तेलकट-खारट अन्न, शनी-मारुतीच्या तेलात भिजलेल्या रुईच्या माळा. आणि शेंदूर लागलेलं सगळं. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. ते कुजत नाही, खतातून मातीत आणि मातीतून भाजीत जातं. म्हसोबा, मारुती, गणपती यांची शेंदराची फुलं वेगळ्या टोपलीत, खताच्या खड्ड्यात नाहीत.

खड्डा नको, विटांचा हौद बरा: २ मीटर लांब, १ मीटर रुंद, पाऊण मीटर उंच, विटांमध्ये फटी ठेवून, वर पत्र्याची छपरी. तळाला वितभर काटक्या. मग १ घमेलं ओली फुलं-पानं, २ घमेली सुका पालापाचोळा (रस्त्याकडेचा किंवा अंगणातला, राईतला आणायचा नाही), वर शेणकाल्याचा शिपका, १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण. दूर्वा, बेल, झेंडू कापून टाकलेत तर निम्मा वेळ वाचतो. ढीग ढोबळमानाने एक घनमीटर झाला की तो तापतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी हात आत धरवत नाही, साधारण ५५ ते ६० अंश. सातव्या दिवशी पहिली उलथणी, मग दर आठवड्याला. ओलावा मुठीत दाबून बघा. एक-दोन थेंब यावेत, धार नको.

चुकतं ते असं: अमोनियाचा झोंबरा वास आला तर सुका पाला कमी. आंबूस, गटारासारखा वास आला तर पाणी जास्त आणि हवा नाही. ढीग थंडच राहिला तर लहान आहे किंवा कोरडा आहे. साठ-पंचाहत्तर दिवसांत खत होतं, पण बेलाच्या पानांच्या शिरा आणि गुलाबाचे देठ मागे राहतात. ते चाळून पुन्हा नव्या ढिगात टाका, विरजणासारखे.

रानवाट

गांडुळं सुरुवातीलाच सोडली तर?

बेलपान

मरतात किंवा पळतात. आधी ढीग तापून निवू द्या, पंधरा-वीस दिवस. हाताला कोमट लागणंही थांबलं की एका चौरस मीटरला १ किलो गांडुळं, वर ओलं गोणपाट. मुंग्या लागल्या तर समजायचं की पेढा किंवा मध आत गेलाय.

एक जुनी रीत लक्षात घ्या. बेल शिळा होत नाही, धुऊन पुन्हा वाहता येतो, आणि सोमवार, चतुर्थी, अष्टमी, अमावास्या अशा दिवशी बेल खुडायचा नाही, आदल्या दिवशीचा वापरायचा. द्वादशीला तुळस नाही. झाडाला विसावा आणि निर्माल्य कमी, दोन्ही एका नियमात. हल्ली सोमवारीच पोतंभर बेल विकायला येतो, तो कुणाच्या तरी माळावरची आख्खी फांदी उतरवून.

गारंबी

अवांतर नाही, त्याच ओघात: वटपौर्णिमेला फांद्या विकत आणून घरी पूजा करण्यापेक्षा झाडापाशी जावं हे सगळे सांगतात. पण झाडापाशी गेल्यावर खोडालगत निरांजनं लावतात. सालीखालचा जिवंत थर कागदाएवढा पातळ असतो, तो आचेने मरतो आणि तिथून बुरशी शिरते. दिवा पाराच्या कडेला, खोडापासून हातभर लांब.

पाणवठा

पाराचं कुणी लिहिलं नाही. पार काँक्रीटचा करताना दोन चुका ठरलेल्या. एक, खोडाभोवती दोन-तीन फूट माती भरतात. जमिनीलगतचा बुंधा हवेत राहायला बनलेला असतो, मातीत गाडला की साल कुजते. दोन, खोडाला चिकटवून फरशी. वड-पिंपळ वाढतो, फरशी वाढत नाही. पार दगडाचा कोरडा रचा, खोडापासून किमान १ मीटर मोकळी माती ठेवा, जमल्यास दीड. आधीच काँक्रीट असेल तर ब्रेकर लावू नका, मुळं फाटतात. छिन्नी-हातोड्याने एका हंगामात निम्मी कड, पुढच्या हंगामात उरलेली.

आणि अंगणभर पेव्हर ब्लॉक घातलेत तर त्या अंगणातलं पाणी झऱ्याला कधीच मिळणार नाही.

कातळसडा

सगळ्यांचे आभार. जीर्णोद्धाराच्या करारात घालायच्या बाबी यातून अशा निघतात. बांधकाम जुन्याच जोत्यावर. सभामंडप हवाच असेल तर राईच्या हद्दीबाहेर. खडी-वाळू ठेवायची जागा आधी आखून द्यायची, झाडाच्या छत्रीखाली नाही. मिक्सर धुतलेलं पाणी ओढ्यात सोडायचं नाही, त्यातला सिमेंटचा खार मासे मारतो. हद्दीतलं प्रत्येक झाड क्रमांक घालून यादीत, आणि यादीतलं झाड दुखावलं तर झाडामागे ठरलेली रक्कम ठेकेदाराच्या बिलातून वजा. रात्रीचे हॅलोजन नकोत, पिवळा मंद दिवा खाली तोंड करून, दहाला बंद. वटवाघळं आणि घुबडं उजेडाने हलतात.

महाप्रसादाला पळसाच्या किंवा वडाच्या पत्रावळी, नाहीतर पोफळीच्या विरीच्या ताटल्या. चकाकणारी कागदी पत्रावळ कुजत नाही, तिच्यावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो. थर्माकोल २०१८ च्या अधिसूचनेपासून बंदच आहे, तरी जत्रेत दिसतो.

उंबरठा

वाखू (वाचनखूण) साठवली. एक शंका: होळीला झाड तोडतात त्याचं काय? तोही नियमच ना.

सातबारा

नियमच, आणि त्याला मर्यादा होती: गावाची एक होळी, एक झाड, कुठलं ते मानकरी ठरवणार. आता वाडीगणिक होळी, म्हणून झाडंही वाडीगणिक. ग्रामसभेत 'गावाची होळी एकच' एवढा ठराव झाला तरी मोजता येण्यासारखा फरक पडतो. तो फाल्गुनात मांडू नका, तेव्हा कुणी ऐकत नाही. मार्गशीर्षात मांडा.

गारंबी

आणि त्याच सभेत रोपांच्या मोजणीची वही ठेवा. दुसऱ्या वर्षी त्याच चौकोनांत मोजायचं, म्हणून चारही कोपऱ्यांवर दगड पुरून ठेवायला विसरू नका. दोरी पावसाळ्यात कुजते.